कालचं पाणी

भंडाऱ्यात कुणी भेटलं की "जेवण झालं का?" असं विचारायची रीत आहे. आमच्या समोरच्या घरातले काकाजी मात्र "आंघोळ झाली का?" असं विचारायचे. सकाळी सातला विचारलं तर एक वेळ ठीक, पण ते दुपारी चार वाजता भाजी विकायला आलेल्या बाईलाही विचारायचे. उत्तर "हो" आलं तरी त्यांचं समाधान होत नसे. "कशानं?" हा पुढचा प्रश्न असायचाच. कशानं म्हणजे साबण कोणता, असं नव्हे. पाणी कसं होतं, हे त्यांना हवं असायचं. कुणी "गिझरच्या" असं म्हटलं की ते नुसतं "हं" म्हणत आणि त्या माणसाकडे असं बघत, जणू तो उपाशी आहे आणि लाजेपायी सांगत नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आम्ही त्या गल्लीत राहायला गेलो त्या सकाळी. नवऱ्याची बदली झालेली, डिसेंबरचा महिना, ट्रकमधून सामान उतरत होतं आणि मी प्रवासाच्या धुळीनं माखून जिन्याच्या पायरीवर बसले होते. समोरच्या फाटकातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. अंगात बंडी, गळ्यात पंचा, हातात वाफाळती बादली. गल्ली ओलांडून ते थेट माझ्यापुढे उभे राहिले.

"बाई, न्हाणी कोनत्या बाजूले हाय?"

"आपण कोण?" मी विचारलं.

"मी समोरचा. आधी नाहून घ्या. मंग वळख करू."

त्या बादलीतला पहिला तांब्या अंगावर घेतला आणि मी किंचाळले. बाहेरून शांत आवाज आला, "पाव्हण्याचं हाय ते. थोडं गार इसण घ्या."

पुढे कळलं की काकाजींकडे गरम पाण्याच्या चार प्रती होत्या. सगळ्यात खालची कोमट. ती त्यांच्या मते माणसाचा अपमान करायची असेल तर द्यायची. मग लेकरांचं, मग घरच्यांचं आणि सगळ्यात वर पाव्हण्याचं. कोणतं पाणी कोणत्या प्रतीचं, हे ते कोपर बुडवून ठरवत. बोटांवर त्यांचा विश्वास नव्हता. "बोटं चहाचा कप धरू धरू निर्ढावतात," म्हणायचे.

हे सगळं पाणी निघायचं त्यांच्या अंगणातल्या बंबातून. काकाजींचं पेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. भंडाऱ्याची पितळेची भांडी एके काळी लांब लांब जायची. तो काळ गेला असं गावात सगळे म्हणत, काकाजींना मात्र कुणी तसं कळवलेलं नव्हतं. स्टीलच्या भांड्यांना ते "डबे" म्हणत. घरातला बंब त्यांच्या वडिलांनी उभं राहून घडवून घेतलेला, कमरेएवढा, तांब्याचा, पोटात निखाऱ्यांची नळी आणि भोवती पाणी. सानगडीचे एक शेतकरी थोरल्या लेकीच्या लग्नात द्यायला बंब घ्यावा म्हणून दुकानात आले होते. हा त्यांना फार आवडला. काकाजींच्या वडिलांनी हा सोडून दुसरा कोणताही घ्या म्हणून सांगितलं, ते ऐकेनात, बोलणं वाढत गेलं आणि शेवटी पाहुण्यांनी धाकट्या लेकीसाठी काकाजींनाच पसंत केलं. बंब घरातच राहिला आणि सुलोचनाकाकू त्याच्यामागे चालत आल्या. ही गोष्ट काकाजी रंगवून सांगायचे. काकू पलीकडून फक्त एवढंच म्हणायच्या, "बाबाले बंबच पायजे होता."

हिवाळ्यात पहाट सरली की त्या अंगणात गल्ली जमायची. कुणी बादली घेऊन, कुणी नुसतेच हात शेकायला. बंबाची गंमत अशी की वरच्या गाळणीतून जेवढं गार पाणी ओताल, तेवढंच गरम पाणी तोटीतून बाहेर येतं. काकाजी तोटीपाशी स्टूल टाकून बसत आणि ज्याच्या त्याच्या बादलीत पाणी सोडत. सोबत गावातल्या बातम्या, भाताचं पीक, कुणाच्या मुलीला स्थळ आलं आणि का मोडलं, सगळं चाले. पाणी वाटायचं काम काकाजींचं. पेटवायचं काम काकूंचं. तुराट्या मोडायच्या, दुकानातल्या खोक्यांच्या फळ्या फोडायच्या, फुंकणीनं फुंकायचं, राख काढायची. त्या बंबाच्या पलीकडच्या बाजूला, धुरात बसलेल्या असायच्या, आणि अलीकडून कुणाला दिसायच्या नाहीत. त्या अधूनमधून खोकायच्या, पण इकडे हसणं चाललेलं असायचं. मीही त्या हसण्यात होते, हे आधीच सांगून टाकते.

एकदा मतदारयादी तपासायला एक गृहस्थ आले. अंगणाच्या तोंडाशीच काकाजींनी त्यांना गाठलं.

"आंघोळ झाली का?"

"हो जी, घरूनच करून निघालो. घरात किती जण आहेत?"

"घर कुठी तुमचं?"

"कारध्याले."

"मंग पुलावरून आले ना. नदीचा वारा लागला असंल, आंगातली सगळी गरमी गेली असंल. अवं, टावेल आन."

तो बिचारा सरकारी कागद उंच धरून नको नको म्हणत होता. दहा मिनिटांनी तो न्हाणीत होता आणि काकाजी बाहेर उभे राहून "लागलं का आंगाले?" असं विचारत होते. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा त्याच्या पिशवीत स्वतःचा टॉवेल होता.

काकाजींचा आणखी एक नेम होता. रात्र उलटलेलं पाणी त्यांना चालायचं नाही. रोज सकाळी उठल्याबरोबर ते पिण्याचा माठ उपडा करायचे, भरलेला असला तरी. गुंड, कळशी, तांबे, सगळं रिकामं करून, घासून, ताजं पाणी भरायचं. "रातचं पाणी शिळं," एवढंच कारण. शिळी भाकर ते आवडीनं खायचे, शिळ्या वरणाला तर ताज्यापेक्षा जास्त मान. पण पाणी शिळं नको. त्यांच्या आईचा हा नेम होता, तिच्या आईचाही असणार, आणि गल्लीतल्या अर्ध्या घरांत तो थोडाफार होताच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.

मग एका दिवाळीनंतर काकूंचा खोकला हटेचना. आडवं झालं की ढास लागायची, म्हणून त्या भिंतीला टेकून बसूनच डोळे मिटायच्या. काकाजी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले आणि सोबतीला मला नेलं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते आणि डॉक्टरचं बोलणं मला कळेल अशी त्यांची समजूत.

"किती दिवसांपासून खोकला आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"लगन झालं तवापासून," काकू म्हणाल्या.

"त्याआधी नव्हता?"

"आधी सानगडीले होती मी."

डॉक्टरांनी काकाजींकडे पाहिलं. काकाजी मनापासून गोंधळले होते. "मले त कधी आयकू नाई आला," ते म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि पाठोपाठ माझाही, कारण मला ऐकू आला होता आणि मी बादली भरून घरी गेले होते. डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे काढला आणि स्पष्ट सांगितलं. धूर बंद. अजून एक हिवाळा धुरात काढला, तर घरात ऑक्सिजनचं सिलिंडर ठेवावं लागेल.

घरी परत आलो. फाटकाशीच काकाजी काकूंना म्हणाले, "उद्यापासून बंब मी पेटवतो. तू अंदर बस."

दोन दिवस त्यांनी पेटवला. तिसऱ्या दिवशी त्यांचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते. "बाई," ते मला म्हणाले, "याले इतका धूर कवापासून येऊन राहिला?"

आत बसलेल्या काकूंपर्यंत तो धूर खिडकीतून पोचतच होता. बंब मागच्या अंगणात नेला, धूर मागच्या खिडकीतून आला. मग त्यांनी बादलीत बुडवायचा विजेचा रॉड आणला. त्या पाण्याला ते "करंटचं पाणी" म्हणत आणि आंघोळीला पायात रबरी चपला घालून बसत. चौथ्या दिवशी साबणाच्या फेसात चपलेसकट घसरले. न्हाणीतून धप्प असा आवाज आला आणि मग आरोळी, "पाहा! म्हणलं होतं ना करंट असते!" रॉड त्याच दिवशी माळ्यावर गेला.

नागपूरला असलेल्या त्यांच्या मुलानं फोनवर सोलर बसवायला सांगितलं आणि कुणाला तरी कळवूनही टाकलं. दोन दिवसांनी शहापूरहून सोलर बसवणाऱ्या वैशालीबाई आल्या, स्कूटीवर, मागे पाना-पक्कडांची पिशवी. चाळिशीच्या, ठसठशीत, कमी बोलणाऱ्या. काकाजी त्यांच्या मागोमाग गच्चीवर गेले. माझी गच्ची समोरच, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"यात आग कुठी असते?" काकाजींनी काळ्या काचेच्या नळ्यांकडे बोट दाखवून विचारलं.

"सूर्यात, काकाजी."

"इतक्या दुरून?"

"तठूनच येते ना ऊन. दिवसभर पाणी तापते, वर चढते आन या टाकीत जमा होते. टाकीले आतून अस्तर आहे, थर्मासवानी. सकाळी नळ सोडा, गरम पाणी हजर."

"म्हंजे दिवसा तापलेलं..." काकाजी थांबले.

"सकाळपर्यंत तसंच राहाते," वैशालीबाई अभिमानानं म्हणाल्या.

काकाजी काही बोलले नाहीत. ते गप्प राहिले तेव्हाच खरं तर आम्ही ओळखायला हवं होतं, कारण पाण्याच्या विषयात ते गप्प राहिल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गार. तिसऱ्या दिवशी गार. चौथ्या दिवशी काकाजींनी कोपर बुडवून जाहीर केलं की हे कोमटसुद्धा नाही, हे विहिरीचं आहे. त्यांच्या आवाजात दुःख किती आणि आनंद किती, हे सांगणं अवघड होतं. अंगणात पुन्हा बंब पेटला, पुन्हा गल्ली जमली आणि घरातून खोकला ऐकू येऊ लागला. काकाजींना आता तो ऐकू येत होता. ढास लागली की ते पाणी सोडता सोडता थांबायचे आणि मान वळवून दाराकडे बघायचे. मग म्हणायचे, "मी काय करू? मी बसवून पाह्यलं ना!"

वैशालीबाई आल्या, दुपारी. नळ सोडला तर हात भाजेल असं पाणी. "बरोबर त आहे, काकाजी."

"आता आहे. सकाळी नसते."

त्यांनी एक व्हॉल्व्ह बदलला. सकाळी पाणी गार. पुन्हा आल्या, नळ्या एकेक काढून पाहिल्या, टाकीला कान लावला. सकाळी पाणी गार. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा गच्चीवरच मांडी घालून बसल्या आणि डोक्याला हात लावून म्हणाल्या, "टाकी फुटली नाई, नळी गळत नाई. मंग रातभऱ्यातून येवढं गरम पाणी जाते कुठी?"

मी त्या वेळी माझ्या गच्चीवर भांडी वाळत घालत होते. हातातली कढई चकचकीत होती. आदल्या दिवशी तिच्यात तर्रीचा रस्सा झाला होता, तेलाचा बोटभर थर बसलेला, तरी ती एका हातात निघाली होती. गरम पाण्यानं. आणि ते गरम पाणी कुठून आलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

रोज दिवेलागणीला काकाजी अंगणातला नळ सोडायचे. वाफाळतं पाणी यायचं. "घेऊन जा बाई, वाया जाण्यापेक्षा," अशी हाळी ते गल्लीत द्यायचे. आम्ही चार-सहा बायका बादल्या घेऊन धावायचो आणि खरकटी भांडी त्या पाण्यात बुडवायचो. काकाजी पाणी वाटतात यात नवल काय, ते तर जन्मभर वाटत आले. नळ ते धारेला कोपर लावून गार पाणी येईपर्यंत सोडून ठेवत. गार आलं म्हणजे टाकी ताज्या पाण्यानं भरली. मग समाधानानं नळ बंद करून हात जोडत. रात्र उलटायच्या आत पाणी बदलायचं, माठाचं तसं टाकीचं. यात वैशालीबाईंना सांगण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. दात घासतो हे कुणी डॉक्टरला सांगतं का?

आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, मुलांना उष्णता शिकवणारी, पंधरा दिवस त्याच पाण्यात कढया बुडवत होते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. कळल्यावरही मी दोन दिवस बोलले नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले. घरी पाहुणे यायचे होते, भांडी पुष्कळ पडणार होती. दोन संध्याकाळी मी त्या नळावर बादली लावली आणि दोन सकाळी समोरच्या घरातली ढास ऐकली. आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

भोगीच्या आदल्या दिवशी काकाजींनी वैशालीबाईंना निरोप धाडला. उद्या येऊन हे सगळं काढून न्या. भोगीला घरातल्या माणसांनी तीळ लावून डोक्यावरून न्हायचं असतं, ते गार पाण्यानं होणार नाही, बंब होता तो बरा होता. मुलाला फोन करून त्यांनी तेच सांगितलं. त्यांचा आवाज गल्लीभर गेला. मग मात्र मी पदर खोचून समोर गेले, ते मागच्या दारानं, काकूंकडे.

काकू भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. बादल्यांचं, कढईचं, दोन दिवसांचंही. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग लसणाकडे, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की त्याची ढास झाली आणि ढास संपेपर्यंत मी त्यांची पाठ चोळत बसले.

"त्यायले तू नको सांगू," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तू सांगशीन त ते म्हणतीन शाळेचं हाय. मी पाह्यते."

भोगीच्या दिवशी सकाळी अंगणात अर्धी गल्ली होती. वैशालीबाई पाना-पक्कड काढून तयार. बंबाशेजारी तुराट्यांची मोळी. काकाजींनी काडेपेटी हातात घेतली आणि तेवढ्यात काकू दारात आल्या. डोक्यावर पदर, एका हातानं चौकट धरलेली.

"पेटवता?"

"मंग? सणाचं गार पाण्यानं नाहायचं का?"

"आधी त्याले रिकामा करा."

"कायले?"

"बंबाले."

काकाजी हसले. दुकानात नव्या गिऱ्हाइकाकडे बघून हसायचे तसेच. "अवं, बंब कोनी रिकामा करते का? रिकामा करून पेटवला त जोडाची झाळ वितळंल, सांधे सुटतीन. इतकी वर्षं झाली, गिऱ्हाइकाले मी पह्यली गोष्ट हेच सांगतो. बंब भरूनच ठेवा. थेंबही कमी होऊ देऊ नका."

"तुमी कधीच रिकामा नाई केला?"

"कधीच नाई! म्हणून त आजही नवा दिसते."

"मंग आता त्याच्यात पाणी कोनतं हाय?"

काकाजींनी वाकून बंबाच्या गाळणीत डोकावून पाहिलं.

"कालचं," काकू म्हणाल्या. "आन कालच्यात परवाचं. आन परवाच्यात मामंजीच्या हातचं. मी लगन होऊन आली तवापासून शिळ्याच पाण्यानं नाहून राहिली. साऱ्या गल्लीले तुमी शिळं पाणी पाजलं... नाहायले देल्लं. पाव्हण्यालेही." मग दम घ्यायला त्या थांबल्या, छातीवर हात ठेवला, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आन वरच्या टाकीतलं चांगलं गरम पाणी रोज सांजेले नालीत सोडता. माह्या खोकल्यापायी बसवलं ना ते?"

वैशालीबाईंच्या हातातून पाना खाली पडला. "सांजेले सोडता?" त्या पुटपुटल्या. "सगळं?" त्यांनी डोळे मिटून घेतले. तीन खेपा त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात.

काकाजींनी बंबाकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा मित्र भर चौकात फितूर व्हावा, तसं त्यांचं तोंड झालं होतं. मग त्यांना एक आधार सापडला. "बंबातलं शिळं होत नाई," ते म्हणाले. "तांबं हाय ते. तांब्यात पाणी जित्तं राह्यते."

आम्हाला वाटलं काकू आता त्यांना सोडणार नाहीत. पण त्यांनी सोडलं. किती अलगद सोडलं, ते मी विसरले नाही. "मंग वरतंही तांबं टाका ना," त्या म्हणाल्या. "दुकान कोनाचं हाय?"

वैशालीबाई हुशार बाई. त्यांनी लगेच सांगितलं की सोलरच्या टाकीत काही टाकता येणार नाही, पण तिला पाणी पुरवणारी जी वरची गार पाण्याची टाकी आहे, तिच्यात तांब्याचं भांडं ठेवायला काहीच हरकत नाही. काकाजी तडक दुकानात गेले, बंद दुकान उघडून एक जाड बुडाचा गडवा घेऊन आले, तो चिंचेनं लख्ख घासला, गच्चीवर चढले आणि टाकीत सोडला. बुडाला लागल्याचा आवाज आला तसे खाली बघून ओरडले, "झालं!"

त्या संध्याकाळी अंगणातला नळ सुटला नाही. दिवेलागणीला काकाजी दोनदा नळापर्यंत गेले आणि हात मागे बांधून परत आले. गल्लीतल्या बायकांच्या भांड्यांना त्या दिवसापासून पुन्हा राख आणि मनगट लागलं, माझ्याही. संक्रांतीच्या सकाळी मी मुद्दाम लवकर उठून गच्चीत उभी राहिले. काकाजी न्हाणीबाहेर होते. त्यांनी बादलीत कोपर बुडवलं. काढलं. पुन्हा बुडवलं. मग घरात बघून हाक मारली, "अवं, ये. पाव्हण्याचं आलं!"

त्या घरात काकू सगळ्यांच्या आधी न्हायल्या, असं पहिल्यांदा घडलं.

यानंतर काकाजी शांत होतील असं कुणाला वाटलं असेल तर त्याला काकाजी कळलेच नाहीत. ते सोलरचे प्रचारक झाले. लग्नात, तेराव्याला, बाजारात, जिथे माणूस थांबलेला दिसेल तिथे ते त्याला उन्हाचं महत्त्व सांगायचे. आता त्यांचा प्रश्न बदलला होता. "कशानं?" याला "सोलरच्या" असं उत्तर आलं की ते मान डोलवत आणि मग आवाज खाली आणून विचारत, "गडवा टाकला का?" गडव्याशिवाय सोलर म्हणजे मिठाशिवाय वरण, असं त्यांनी गल्लीत इतकं ठसवलं की ज्यांनी ज्यांनी गच्चीवर नळ्या बसवल्या, त्या प्रत्येकाच्या टाकीत काकाजींच्या दुकानातला गडवा बुडालेला आहे. वैशालीबाईंनी सुरुवातीला एक-दोघांना सांगून पाहिलं की त्यानं गरमपणात काही फरक पडत नाही. पुढे त्यांनीही नाद सोडला आणि पान्यांच्या पिशवीत एक गडवा ठेवायला लागल्या. गिऱ्हाइकाची आई किंवा सासू अडून बसली की तो बाहेर काढायचा.

सकाळची बैठक मात्र विस्कटली. बादल्या घेऊन लोक यायचे, पण शेकायला निखारा नव्हता, त्यामुळे कुणी रेंगाळत नसे. काकाजींनी चार खुर्च्या मांडून पाहिल्या. दोन दिवस लोक बसले, मग थंडी वाजते म्हणून उठून गेले. त्यांना ते लागलं असणार. एकदा मी विचारलंही, "काकाजी, बंब आठवतो का?" ते म्हणाले, "आठवते ना." आणि बंबावरची धूळ पंचानं पुसायला लागले. त्याच्यात पाणी तेव्हाही काठोकाठ भरलेलं होतं. पेटवायचा नव्हता, तरी झाळेची काळजी होतीच.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत काकू रात्री आडव्या होऊन झोपू लागल्या होत्या, आणि त्याच हिवाळ्यात आमची बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी ट्रक दारात उभा होता आणि मी निरोप घ्यायला समोर गेले. अंगणात कुणी नव्हतं. थंड बंबाशेजारी, स्टुलावर, काकाजी एकटेच बसले होते. मान थोडी तिरकी, एक हात कानामागे, नजर घराच्या दाराकडे. आत काकू कणीक मळत होत्या, परातीचा आवाज येत होता. मला वाटलं काही बोलणं चाललंय, म्हणून मी फाटकाशीच थांबले. कुणी बोलत नव्हतं.

"काकाजी, निघते," मी म्हटलं.

ते दचकले. "आंघोळ झाली का?"

झाली होती. तासाभरापूर्वी, आमच्याच घरात. "नाही," मी म्हटलं.

ते खुशीत उठले, नळ सोडला, कोपर लावून पाहिलं आणि बादली माझ्यापुढे केली. न्हाणीकडे जाता जाता मी वळून बघितलं, तर ते पुन्हा स्टुलावर बसले होते आणि हात पुन्हा कानामागे गेला होता.

"काय ऐकताय?" मी विचारलं.

"काई नाई," काकाजी म्हणाले. "आयकू येत नाई ना, तेच आयकून राह्यलो."